चांदीची घनता

९ ऑगस्ट, सोमवार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुम्ही गेल्यापासूनचं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर आलं नाही, म्हणजे भाचीच्या घरी चांगल्याच रमलात असं मी समजते. समुद्र खिडकीतून दिसतो का, की त्यासाठी गच्चीवर जावं लागतं?

इथे सगळं ठीक. तुमच्या जागी इतिहासाला नवीन सर आलेत. माणूस चांगला आहे, पण पुस्तक उघडून शिकवतो आणि ओळीवरचं बोट काही हलवत नाही. मुलांनी आठ दिवसांत नाव ठेवलं, ‘बोटवाले सर’. शिपाईमामा सध्या रजेवर आहेत. त्यामुळे घंटा कधी वेळेवर होते, कधी आम्हीच घड्याळ बघून वर्ग सोडतो. सव्वीस वर्षांत त्या माणसाने किती कामं गुपचूप अंगावर घेतली होती, ते शिपाई नसलेल्या शाळेत कळतं.

पत्र लिहायला कारण आहे एक बारीकशी शंका. मला शंका आली की बाईंना विचारायचं, ही पाचवीपासूनची खोड. ‘शंका’ हे नावच मुळी तुम्ही ठेवलंत, आता निस्तरा.

परवा बोटवाल्या सरांना मी आपली नाण्यांची पेटी दाखवली. बत्तीस खाचा, बत्तीस नाणी, प्रत्येक नाणं कुठल्या ना कुठल्या मुलाच्या घरून आलेलं. पाचवीची मुलं ती पट्टीवर घरंगळवून परीघ आणि व्यास मोजतात, सहावीची दोनशे वेळा उडवून छापा किती आणि काटा किती ते मांडतात, सातवीला तुम्ही राजे, लढाया आणि टांकसाळी शिकवायचात आणि आठवीला मी त्यातल्या सहा चांदीच्या नाण्यांची घनता काढायला लावते. सर ऐकत राहिले. म्हणाले, “ही कल्पना कोणाची?” मी अभिमानाने तुमचं, आमच्या मोठ्या बाईंचं, नाव सांगितलं.

तर शंका अशी. गेल्या मंगळवारी आठवीला तो तास घेतला. नेहमीसारखंच. काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, आकडा शून्यावर आणला, अकरा नंबरचं नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात अधांतरी सोडलं. जितके ग्रॅम वाढतील तितकं घनफळ. आपल्या वहीत या नाण्याच्या दहा वर्षांच्या नोंदी आहेत, दरवर्षी १.१३ च्या आसपास, म्हणजे घनता दहा पूर्णांक काहीतरी. यंदा १.३७ आलं. वजन तेच, ११.६. भागाकार केला तर घनता साडेआठच्याही खाली.

मुलांची चूक असणार. दोरा जाड असेल, नाणं तळाला टेकलं असेल. तरी विचारून ठेवते. जाण्याआधी तुम्ही ती नाणी कोणाला साफबीफ करायला दिली होती का?

उत्तर पाठवा. दोन ओळींचं चालेल.

तुमची,
शंका


१७ ऑगस्ट, मंगळवार

आदरणीय बाई,

मागच्या पत्रात मी मुलांची चूक असणार असं लिहिलं. ते लिहिताना ती चूक नाही हे मला ठाऊक होतं. खरं लिहायचा धीर झाला नाही, म्हणून आधी तुमच्या तोंडून काही येतंय का ते बघत होते. आता सरळ लिहिते.

तासाच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटी बसले. सहाही नाणी घेतली, नवीन बारीक दोरा घेतला, प्रत्येकाचं माप तीन-तीन वेळा घेतलं. सहाच्या सहा साडेआठच्या आगेमागे. मग व्हर्नियर लावून कड मोजली, तर पूर्वीपेक्षा जाड. पूर्वी ही नाणी फरशीवर टाकली की घुमायची, तुम्ही मुलांना डोळे मिटून ऐकायला लावायचात. मी अकरा नंबर टाकलं. आवाज आला तो दाराची कडी पडल्यासारखा. शेवटी कानस घेतली आणि कडेला एकदाच ओढली. आत पिवळं. पितळ आहे बाई, वरून चांदीचं पाणी दिलेलं.

आणि त्या तासाला मी काय केलं ते ऐका. ज्या मुलीने सगळ्यात नीट मोजलं, तिची वही मी सगळ्यांसमोर धरून म्हटलं, “चांदीची घनता माहीत असताना असं उत्तर लिहिताना हात कसा धजावतो?” ती म्हणाली, “बाई, मी चार वेळा मोजलं.” मी म्हटलं, “मग चार वेळा चुकलीस.” तिचे गुण कापले. बाकीच्या मुलांनी वहीत दहा पूर्णांक तीन लिहून टाकलं होतं, कारण मागच्या वर्षीच्या मुलांनी त्यांना ते सांगितलेलं. त्यांना मी पैकीच्या पैकी दिले.

मामा रजेवर नाहीत. त्यांना ६ तारखेला निलंबित केलं. कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं आणि किल्ली त्यांच्याच जुडग्यात असते. मुख्याध्यापकांनी तक्रार लेखी घेतली, संस्थेच्या समितीकडे पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी मामांना ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होते. मामा दाराशी उभे होते, टेबलापासून चार हात लांब. मुख्याध्यापक म्हणाले, “घरात बाहेरचं कोणी शिरलं नाही, म्हणजे चोर घरचाच.” मामा एवढंच म्हणाले, “तपासा.” दोनदा म्हणाले. मग जुडगा टेबलावर ठेवून निघून गेले.

मला त्यांचा इतका राग आला आहे की त्यांचा स्टुलावर ठेवलेला पाण्याचा तांब्याही डोळ्यांसमोर नकोसा झालाय. सव्वीस वर्षं! मी पाचवीत होते तेव्हा ते नुकतेच लागले होते, मला टेबलावर नाणं भिंगरीसारखं फिरवायला त्यांनीच शिकवलं. ज्यांच्या भरवशावर आपण दार उघडं टाकलं तोच आत शिरला. कुंपणानेच शेत खाल्लं, बाई. आणि खाल्लं ते कोणाचं? लोकांनी घरातलं जपलेलं काढून मुलांच्या हाती दिलेलं.

समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. तुम्ही फक्त इतकं लिहून पाठवा की एप्रिलमध्ये निवृत्त होताना पेटी सोपवलीत तेव्हा नाणी खरी होती. तुमच्या शब्दाला इथे अजून वजन आहे.

तुमची,
शंका


२८ ऑगस्ट, शनिवार

आदरणीय बाई,

उत्तर नाही. टपालवाल्याला मी दोनदा विचारलं. पत्रं पोचली आहेत, असं तो म्हणतो.

काल मामांच्या बायको शाळेत आल्या होत्या. तुम्ही त्यांना पाहिलं असेल, कपडे शिवतात, आपल्या नाटकाचे अंगरखे त्याच शिवून द्यायच्या. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी. पिशवीत मामांचे गणवेशाचे दोन जोड, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून.

“शाळेचे आहेत, शाळेला परत,” म्हणाल्या.

मी पिशवी घेतली. त्या जाईनात. मग म्हणाल्या, “हे सांगू नको म्हणाले होते, तरी सांगते. मार्चमध्ये जोडून सुट्टी आली होती, तेव्हा मोठ्या बाई आमच्याकडे आल्या होत्या. कपाटाची किल्ली मागून नेली. पेटी घरी न्यायची आहे, नोंदी तपासायच्या आहेत म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली परत दिली.”

मी म्हटलं, “तोंड सांभाळून बोला.”

त्या म्हणाल्या, “बाई, तीन आठवडे तोंड सांभाळूनच बसले होते. शेजारणीने कपडे शिवायला टाकणं बंद केलं, तरी सांभाळून बसले.”

“मग मामांनी त्या दिवशी ऑफिसात का नाही सांगितलं?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, मला कोणी प्रश्न विचारलाच नाही, सगळ्यांनी उत्तरच सांगितलं. आणि म्हणाले, मोठ्या बाईंचं नाव मी कसं घेऊ? त्या स्वतःच कळवतील ना.”

मी त्यांना बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. त्या गेल्यावर पिशवी कपाटात कोंबली आणि सातवीच्या वर्गात जाऊन उगाचच ओरडले.

बाई, आता एक गोष्ट सांगते जी मागच्या पत्रात मी झाकली. ‘तक्रार लेखी घेतली’ असं मी लिहिलं. ती लिहिली मी. माझ्या हस्ताक्षरात आहे. त्यात एक वाक्य आहे, ‘कपाटाची किल्ली अन्य कोणाकडेही नसते, याची मला खात्री आहे.’ खात्री! मोजल्याशिवाय काही लिहायचं नाही असं मुलांना सांगणारी मी.

पण तुमच्यावर मी विश्वास कसा ठेवणार नाही? मला गणित येत नाही असं सगळ्या शाळेने ठरवून टाकलं होतं. माझे वडीलही म्हणायचे, पोरीचं डोकं शिलाईत चालेल. तुम्ही गणिताच्या बाई नव्हतात. तरी एका दुपारी मला थांबवून घेतलंत, तुमच्या पर्समधली पाच वेगवेगळी नाणी दिलीत आणि म्हणालात, “प्रत्येक नाणं एकदा पूर्ण घरंगळव. बघ, त्याच्या रुंदीच्या किती पट जातं.” मी मोजलं. म्हटलं, तीन. आणि थोडं. तुम्ही म्हणालात, “ते थोडं किती, ते शोधत बस. आयुष्य पुरणार नाही.” त्या ‘थोडं’पायी मी शिक्षिका झाले, बाई.

म्हणून विनवते. ‘नाही’ एवढं एका शब्दाचं उत्तर पाठवा. मामांच्या बायको खोटं बोलतात असं लिहा, किल्ली नेली पण पेटीला हात लावला नाही असं लिहा, काहीही लिहा, मी मानेन. समितीने बैठक पुढे ढकलली आहे, पंधरा दिवस हातात आहेत.

तुमची,
शंका


६ सप्टेंबर, सोमवार

बाई,

मी दुकानात जाऊन आले.

घड्याळवाल्यांच्या गल्लीत शेवटी ते जुन्या वस्तूंचं दुकान आहे ना, जिथून तुम्ही एकदा नाण्यांसाठी भिंग आणलं होतंत. इतकी हुबेहूब नक्कल कुठे होते ते विचारावं, एवढ्याच विचाराने गेले होते. मालक काचेच्या पेटीमागे बसून पितळी दिव्याला पॉलिश करत होते. मी अकरा नंबर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं, बोटांत एकदा फिरवलं आणि हसले.

“हे तर आमच्याच कारागिराचं काम. शाळेतून आलात का?”

मी मान हलवली.

“मुलांना पसंत पडली का? मोठ्या बाईंना फार काळजी होती. म्हणाल्या, छाप अगदी तोच हवा, मुलं बारीक बघतात. एका जोडसुट्टीत करून दिली हो सहाच्या सहा.”

“आणि खरी?”

“ती घेतली ना आम्ही. अदलाबदल केली.” मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण पॉलिशचं फडकं खाली ठेवलं. “शाळेचा कागद होता बाई. शिक्का होता. खरी नाणी मुलांच्या हातात झिजतात, म्हणून नकला ठेवायच्या असं समितीने ठरवलंय, असं लिहिलेलं.”

“कशाशी अदलाबदल?”

त्यांनी सांगितलं, आणि मला विचारण्याआधीच उत्तर माहीत असल्यासारखं वाटलं. ते नाणं. सत्तर दिवस राज्य केलेल्या राणीचं. टांकसाळीतून दोनच महिने निघालेलं, पुढच्या राजाने वितळवून टाकलेलं. दरवर्षी सातवीच्या शेवटच्या तासाला तुम्ही त्याचं चित्र वर्गात फिरवायचात आणि म्हणायचात, “हे एकदा हातात धरलं की मी सुटले.” मुलं हसायची. मीही हसले होते, सातवीत असताना.

मी विचारलं, आमची सहा परत मिळतील का? ते म्हणाले, “ती जूनमध्येच गेली. तिघांनी वाटून नेली, बाहेरगावचे होते. माझ्याकडे पत्ते नाहीत.” दुकानदाराचा काही दोष मला दिसला नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मामांच्या बायकोला मी जे दिलं नाही ते त्या परक्या माणसाने मला दिलं.

तिथून चालत घरी आले. वाटेत तुमचाच सातवीचा धडा डोक्यात. लढाई लांबते, तिजोरी रिती होते, मग राजा चांदीत तांबं मिसळतो. पहिल्या वर्षी थोडं, दुसऱ्या वर्षी जास्त. लोकांना कळत नाही, कारण लोक धातू बघत नाहीत, चेहरा बघतात आणि चेहरा तोच असतो. तुम्ही हे सांगताना फळ्याला पाठ टेकून उभ्या राहायचात, आवाज अगदी खाली आणायचात, शेवटच्या बाकावरचीही वाकून ऐकायची. बाई, मी चौदा वर्षं तुमच्या शेजारच्या वर्गात शिकवलं आणि चेहराच बघत राहिले.

नाणी नेलीत, हे मी एक वेळ गिळलं असतं. माणसाला एखाद्या वस्तूचा ध्यास लागतो, डोळ्यांवर पडदा येतो. तुम्ही मला येऊन सांगितलं असतंत, तर मी रडले असते, भांडले असते आणि बहुतेक पांघरूणही घातलं असतं. हेही कबूल करते. पण मी तुम्हाला १७ तारखेला पत्र लिहिलं. त्यात लिहिलं होतं की मामांना काढलं. ते तुम्ही वाचलंत. चष्मा लावून, खुर्चीत बसून वाचलं असेल. वाचून घडी घातलीत. आणि दुसऱ्या दिवशी उठून चहा केलात.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाताना तुम्हाला फक्त एक ओळ लिहायची होती.

मी अजून तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणते आहे. हात वळत नाही दुसरीकडे. त्याचाही राग येतो.

समितीची बैठक १४ तारखेला आहे. त्याआधी तुमचं पत्र आलं तर ते मी समितीपुढे ठेवीन. नाही आलं तर मला जे माहीत आहे ते ठेवीन.


२० सप्टेंबर, सोमवार

बाई,

तुमचं पत्र १३ तारखेला मिळालं. तुम्ही ते फाडून टाकायला सांगितलं होतंत. मी फाडलं नाही. तुम्हाला विसर पडला असेल तर काय लिहिलंत ते पुन्हा उतरवते.

‘शंके, तुझी सगळी पत्रं मिळाली. नाणी मी बदलली. अठरा वर्षं ती पेटी वाढवली कोणी? उन्हातान्हात घरोघरी फिरलं कोण? बत्तीस नाण्यांपैकी एक माझं होऊ नये? मुलांना पितळ काय आणि चांदी काय, छाप तोच, साल तेच. तू घनता काढली नसतीस तर कोणाचं काही अडलं नसतं. शिपायाचं नाव मी घेतलेलं नाही, ते तू घेतलंस. त्याला परत घ्यायला सांग, कारण काहीही दे. हे वाचून फाडून टाक. समुद्र खिडकीतून दिसतो.’

‘तू घनता काढली नसतीस तर.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. म्हणजे मी तो धडा गाळावा, एवढाच तुमचा माझ्याविषयी हिशेब होता. बदललेली नाणी पेटीत ठेवून निवृत्तीच्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “आता हे सगळं तुझं.” तेव्हा तुम्हाला भीती वाटत होती का? की शंका अखेर बाईंवर शंका घेणार नाही, याचीच खात्री होती?

मामांचं नाव मी घेतलं, हे मात्र तुम्ही खरं लिहिलंत. ते खरं आहे म्हणूनच जास्त लागलं. तुम्ही मला फसवलंत आणि मी त्यांना. पण मला तुमच्या मागे लपायचं नव्हतं.

१४ तारखेला समितीपुढे तुमचं पत्र ठेवलं आणि माझी तक्रारही पुन्हा ठेवली, ‘खात्री’ शब्दाखाली लाल रेघ मारून. अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमचं काय यात? तुम्ही तर दिसलं ते लिहिलंत.” मी म्हटलं, दिसलं नव्हतं, तेच तर. मला ताकीद मिळाली, यंदाची वेतनवाढ थांबली. तुमच्या नावाने पत्र निघालं आहे, ते राणीचं नाणं शाळेला परत करण्याबद्दल. नाही केलंत तर पुढे काय करायचं ते समिती ठरवणार आहे. मी त्या चर्चेत तोंड उघडलं नाही.

मुख्याध्यापकांनी मामांची माफी ऑफिसात मागितली, दार लावून. मला ते पुरेसं वाटलं नाही. त्यांना सगळ्या शाळेसमोर चोर ठरवलं नव्हतं हे खरं, पण आख्ख्या शाळेला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मुलांच्या रांगा लागल्या तेव्हा मी पुढे गेले आणि सांगितलं. नाणी कोणी बदलली ते सांगितलं. मी मामांवर न मोजता आळ घेतला ते सांगितलं. आठवीतल्या त्या मुलीचं मोजमाप बरोबर होतं आणि माझं चूक होतं, तेही सांगितलं. पाचवीतलं एक कार्टं मोठ्याने म्हणालं, “मोठ्या बाईंनी?” आणि त्याच्या मागच्याने त्याला चिमटा काढला.

मामा परत आले आहेत. घंटा वेळेवर होते. माझ्याशी बोलतात, पूर्वीइतकंच नीट बोलतात. मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्यांच्या बायकोने मला चहा दिला आणि साखर किती विचारलं, वीस वर्षांची ओळख असून. आणि कपाटाची किल्ली मामा घेत नाहीत. मुख्याध्यापकांनी दिली, मी दिली, दोन्ही वेळा म्हणाले, “तुमच्याकडेच असू द्या, बाई. आता नको.” रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

परवा आठवीच्या वर्गाने मला विचारलं, “मोठ्या बाईंनी असं का केलं?” तुमचं पत्र मी मुलांना वाचून दाखवलं नाही. ते त्यांनी तुमच्या तोंडून ऐकू नये असं वाटलं. ही शेवटची माया समजा, किंवा भित्रेपणा समजा.

आता एक काम उरलं होतं. सहा घरी जाऊन सांगायचं. पाच घरी जाऊन आले. कोणी हळहळलं, कोणी मलाच चार शब्द सुनावले, एकाला आपण नाणं दिलं होतं हेच आठवेना. सहावं घर त्या मोजणाऱ्या मुलीचं. अकरा नंबर तिच्या आजींनी दिलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, तुम्ही स्वतः त्यांच्याकडे गेला होतात तेव्हा.

आजी आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळेना, बोटं थांबली नाहीत. मग म्हणाल्या, “कागद आहे का तुझ्याकडे? मला लिहिता येत नाही. त्या बाईला माझं लिही. आणि नीट लिही, गोड करू नकोस.”

मी वही काढली. त्यांनी सांगितलं तसंच खाली उतरवते आहे, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. हे पत्र याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. यानंतर मी तुम्हाला लिहिणार नाही.

‘बाई, मी अकरा नंबरवाली म्हातारी. माझ्या आईने इस्पितळात तीस वर्षं चादरी धुतल्या. तिच्या पहिल्या पगारात ते चांदीचं नाणं आलं होतं. आमच्याकडे दोन वेळा उपास पडला, तरी तिने ते मोडलं नाही. मरताना मला दिलं. मीही मोडलं नाही. मग तू आलीस. माझ्या ओट्यावर बसलीस, पाणी प्यायलीस. म्हणालीस, आजी, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं नाणं कोणाच्या कामाचं, माझ्या पोरांना द्या, ती हाताळतील, विचारतील. मला ते पटलं. तेव्हा माझ्या लेकाने नको म्हटलं, मी त्याच्याशी भांडले. पुढे नात सांगत यायची, आज तुझ्या आईचं नाणं पट्टीवर घरंगळवलं, आज मोठ्या मुलांनी पाण्यात बुडवलं. मला बरं वाटायचं. माझ्या आईचं नाव कोणाला माहीत नाही, पण तिचं नाणं चारशे पोरांना माहीत होतं. ते गेलं. जाऊ दे, मी काही आता मागत नाही. तुझ्याकडे म्हणे एका राणीचं आलंय. एवढंच विचारायचं होतं. ते तू कोणाला दाखवतेस?’